राग चौकातच थांबवू नका: वाहतूक पोलिसांवरचा माहितीपट पाहिलेल्या प्रेक्षकांना खुले पत्र

प्रेक्षकहो,

सविनय नमस्कार.

वाहतूक पोलिसांवरचा तासाभराचा माहितीपट तुम्ही नुकताच एका वाहिनीवर पाहिलात आणि त्यावर भरभरून मते मांडलीत. ती मी वाचली, काही दोनदा वाचली. माझे वडील राज्यातल्या एका शहरात वाहतूक शाखेत हवालदार आहेत. शहराचे नाव मी लिहीत नाही आणि खाली माझेही नाव घालणार नाही. त्याचे कारण पुढे येईलच. तुम्ही लिहिलेत त्यातले काही खरे आहे, काही अर्धवट आहे आणि काही असे आहे की ते निमूटपणे गिळणे मला जमणार नाही.

माहितीपट वाईट नव्हता. वाहिनीशी माझे भांडण नाही. कॅमेरा सकाळी चौकात उभा राहिला तो रात्रीच्या नाकाबंदीपर्यंत थांबला. सिग्नलच्या खांबाआड उभ्याने वडापाव खाणारा हवालदार त्यात होता. 'दादा, जरा बाथरूम वापरू का?' असे दुकानदाराला विचारणारी महिला शिपाई होती. विनाहेल्मेट मुलाला अडवल्यावर आधी त्याच्या वडिलांचा फोन, मग कुणा नगरसेवकाचा फोन आणि शेवटी वरून 'जाऊ दे त्याला' असा निरोप, हेही होते. आणि लांबून टिपलेले एक दृश्य होते: दुचाकीस्वाराच्या हातातली घडी घातलेली नोट पोलिसाच्या हातात जाते. जेमतेम काही सेकंदांचे. तुमच्या प्रतिक्रियांमध्ये मात्र बाकीचा तास बाजूला पडला आणि तेवढे सेकंदच उरले.

'आमच्या करातून पगार घेतात आणि वर आमच्याकडूनच खातात.' 'पाऊस पडला की एकही दिसत नाही.' 'झाडामागे लपून सावज धरतात.' 'हिंमत असेल तर आमदाराची गाडी अडवून दाखवा.' 'यांच्या दोन कानाखाली द्यायला पाहिजेत.' दुसऱ्या बाजूला जोडलेले हात होते, सलाम होते, 'खरे हिरो' होते. एका बाईंनी लिहिले होते की त्यांच्या मुलाला अपघातानंतर रिक्षात घालून दवाखान्यात पोहोचवणारा माणूस वाहतूक पोलीसच होता. त्यावर कुणीतरी विचारले, 'किती घेतले त्याचे?' ते वाचल्यावर रात्री मला झोप लागली नाही.

एवढ्या सगळ्या आवाजांत वर्दीतला आवाज एकही नव्हता, हे तुमच्या लक्षात आले का? तो असूच शकत नाही. पोलीस दलांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा कायदा १९६६ पासून आहे. त्यानुसार पोलिसाला परवानगीशिवाय संघटनेचे सभासद होता येत नाही, वर्तमानपत्राशी बोलता येत नाही. शिस्तीच्या दलाला असे बंधन लागते हे मी समजू शकते. पण त्याचा अर्थ असा होतो की टीव्हीवर दिसणारा हवालदार आपल्यावरच्या आरोपाला कधीच उत्तर देत नाही आणि लोक त्याच्या गप्प राहण्याला कबुली समजतात. त्याच्या घरच्यांना तरी बोलता येते. म्हणून मी बोलते आहे, आणि त्याचा त्रास वडिलांना होऊ नये म्हणून नाव घालत नाही.

आधी पैशाचे बोलते, कारण तुमच्यापैकी बहुतेकांना तेच बोलायचे आहे. वाहतूक शाखेत पैसे खाल्ले जातात. ते नाकारून हे पत्र पुढे नेण्यात काही अर्थ नाही. नोट घेणाऱ्याला निलंबित करा, त्याच्यावर खटला चालवा, नोकरी जात असेल तर जाऊ द्या. जो माणूस दिवसभर उन्हात उभा राहतो आणि कुणाकडून चहाचा पैसाही घेत नाही, त्याची अब्रू सर्वांत आधी हा नोट घेणाराच घालवतो. आमच्या घरी या विषयावर जितका राग आहे तितका तुमच्याकडे नसेल. शाळेत 'तुझ्या बापाची वरकमाई किती?' हा प्रश्न मला विचारला गेला आहे.

पण त्या दृश्यात हात दोन होते. एक देणारा होता. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली आणि लाच देणाराही सरळ गुन्हेगार ठरला. त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ज्याच्याकडून जबरदस्तीने पैसे उकळले गेले त्याला कायद्याने वाट ठेवली आहे: सात दिवसांच्या आत तक्रार करायची. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा निःशुल्क क्रमांक त्यासाठीच आहे. राज्यात हेल्मेट नसल्याचा दंड पाचशे रुपये आहे. पाचशेची पावती टाळायला दोनशेची नोट पुढे करायची, काम झाले की निघून जायचे आणि संध्याकाळी टीव्हीसमोर बसून सगळे खाते भ्रष्ट म्हणायचे, हे मला मान्य नाही. शेकडो प्रतिक्रियांमध्ये देणाऱ्याबद्दल एक शब्द नव्हता.

झाडामागे लपण्याबद्दल मी तुमच्या बाजूची आहे. सिग्नलवर कोंडी असताना चार पोलीस पुढच्या वळणावर घोळका करून उभे असतात, हे मीही बघते. वाहतूक नियमन म्हणजे चौक वाहता ठेवणे. चूक होईपर्यंत वाट बघत थांबणे याला नियमन म्हणता येणार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली १६७अ हा नियम आला. कॅमेऱ्याने कारवाई होणार असेल त्या रस्त्यावर तशी पाटी आधी लावली पाहिजे आणि गुन्हा घडल्यापासून पंधरा दिवसांत वाहनमालकाला सूचना मिळाली पाहिजे, असे तो सांगतो. महिन्यांनंतर एकदम पाच चलने मोबाइलवर येऊन आदळली, अशी तक्रार तुमच्यापैकी पुष्कळांनी केली आहे. ती रास्त आहे. गाडीची चावी ओढून घेण्याबद्दलही तेच: तसा अधिकार कायद्याने वाहतूक पोलिसाला दिलेला नाही, तेव्हा बेलाशक तक्रार करा.

फक्त एक विचारा, तो हवालदार वळणावर का जाऊन उभा राहतो? वडिलांच्या ड्युटीच्या शेवटी त्यांना विचारले जाते, 'आज केसेस किती?' चौक किती वेळ मोकळा ठेवला, शाळेची मुले किती सुखरूप रस्त्यापार गेली, अडकलेल्या रुग्णवाहिकेला वाट करून दिली का, हे विचारलेले मी तरी कधी ऐकले नाही. हे लेखी कुठेच नसते. तोंडी आकडा असतो आणि तो भरला नाही की दुसऱ्या दिवशी लांबचा पॉइंट मिळतो. माणसाचे काम ज्या मापाने मोजाल तसेच तो करणार. ते माप चौकातल्या माणसाने ठरवलेले नाही.

'पाऊस पडला की गायब' या वाक्यावर मात्र मला थांबायचे आहे.

पावसात सिग्नल बंद पडतात, एकाच वेळी पाच ठिकाणी कोंडी होते आणि माणसे तेवढीच असतात. त्यातली काही त्या दिवशी बंदोबस्ताला गेलेली असतात. पुण्याची विसर्जन मिरवणूक चोवीस तासांहून जास्त चालते. तिच्या दोन्ही टोकांना, प्रत्येक वळणाला जी माणसे उभी असतात ती कुठून तरी काढूनच आणलेली असतात. पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या, मंत्र्यांचा दौरा निघाला, निवडणूक लागली, क्रिकेटचा सामना आला, की रोजचे चौक ओस पडतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधले २८वे कलम सांगते की पोलीस सदैव कामावर आहे असेच समजले जाईल. कारखान्यातल्या कामगाराला आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा आहे. माझ्या वडिलांना ती नाही. आठवडी सुट्टी कागदावर असते. ती आदल्या रात्री फोनवर रद्द होते आणि कारण विचारायची पद्धत नाही.

यावर उपाय कुणाला सुचलाच नाही असे नाही. २०१६ साली मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यातल्या एका शिपायाने आठ तासांच्या पाळ्यांचा आराखडा स्वतः आखून आयुक्तांकडे पाठवला. तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो बाजूला न टाकता त्याच ठाण्यात करून पाहिला आणि पुढे मुंबईतल्या इतर ठाण्यांतही नेला. २०२२च्या सुरुवातीला राज्यातल्या महिला पोलिसांसाठी आठ तासांच्या ड्युटीचा आदेश निघाला. म्हणजे आठ तासांत पोलिसाचे काम होऊ शकते, हे खात्याने स्वतः कबूल केले आहे. चौकात उभे राहणाऱ्यापर्यंत ते पोहोचवायचे राहिले आहे.

आता त्या महिला शिपायाबद्दल. तिचे बाथरूम विचारतानाचे दृश्य कापून, त्यावर विनोद लिहून तुम्ही पुढे पाठवलेत. तिचा चेहरा स्पष्ट दिसतो. वडिलांच्या चौकीतल्या ताई सकाळी घरून निघताना पाणी पीत नाहीत, दुपारपर्यंत पीत नाहीत, मे महिन्यातही नाही. पाळीच्या दिवसांत त्या काय करतात ते मी इथे लिहू शकत नाही. लघवी तुंबवल्याने होणारे आजार हा आमच्या वसाहतीतल्या बायकांच्या गप्पांचा नेहमीचा विषय आहे. मोठ्या चौकांत जाहिरातींचे फलक उभे करायला जागा सापडते, पण एका स्वच्छतागृहाला सापडत नाही. शहर ज्यांच्या हातात आहे त्यांनी लाज बाळगावी अशी ही गोष्ट आहे. तुम्ही हसलात मात्र तिला.

वडिलांना रात्री खोकला असतो. विडी, सिगारेट, तंबाखू काहीच नाही. त्यांना कमी ऐकू येऊ लागले आहे, त्यामुळे आमच्याकडे टीव्हीचा आवाज फार मोठा असतो. तो माहितीपटही आम्ही तसाच, शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात पाहिला. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत व्यापारी भागासाठी दिवसाची मर्यादा ६५ डेसिबल आहे. हॉर्नच्या गराड्यात उभ्या असलेल्या माणसासाठी हा आकडा कागदावरच राहतो. पीएम २.५ या बारीक धुळीकणांची चोवीस तासांची मर्यादा आपल्याकडे घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ची शिफारस केली. तुम्ही सिग्नलला दोन मिनिटे थांबता तेव्हा काच वर करता किंवा नाकाला रुमाल लावता. त्याला शिट्टी वाजवायची असते, म्हणून मास्कही नीट लावता येत नाही. अहमदाबादेत वाहतूक पोलिसांना थंड हवेचे हेल्मेट देऊन पाहिले गेले. ते यशस्वी होईल न होईल, पण या माणसालाही ऊन लागते एवढे तरी तिथे कुणाला तरी वाटले.

सलाम करणाऱ्यांना रागवावे असे मला वाटत नाही, तुमचा हेतू चांगला आहे. तरी सांगते, सलामाने वडिलांचा खोकला थांबत नाही. त्यासाठी दरवर्षी फुप्फुसांची आणि कानांची तपासणी लागते, आणि तपासणीत काही निघाले तर त्या माणसाला रस्त्यावरून हलवणारा नियम लागतो.

आमदाराच्या गाडीबद्दल थोडक्यात: तुम्ही म्हणता ते खरे आहे, ती अडवली जात नाही. पण ती अडवणाऱ्याची बदली झाली तर त्याच्या पाठीशी तुम्ही उभे राहणार आहात का?

मला सर्वांत जास्त लागले ते 'दोन कानाखाली' हे वाक्य. लिहिणाऱ्याने ते सहज लिहिले असेल. आमच्या घरात ते सहज वाचता येत नाही. २३ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबईत खारला हवालदार विलास शिंदे यांनी हेल्मेट न घातलेल्या एका अल्पवयीन मुलाला अडवले. त्याने भावाला बोलावून घेतले आणि भावाने शिंदे यांच्या डोक्यात घाव घातला. ३१ ऑगस्टला ते गेले. नोव्हेंबर २०२० मध्ये चिंचवडला, मास्क नाही म्हणून अडवलेल्या चालकाने पोलिसाला मोटारीच्या बॉनेटवर तसेच फरफटत नेले. एप्रिल २०२३ मध्ये नवी मुंबईत एक पोलीस असाच बॉनेटला धरून सुमारे वीस किलोमीटर गेला. जुलै २०२४ मध्ये पुण्यात भर वस्तीत, मद्यपी चालकांवर कारवाई चालू असताना एका महिला अधिकाऱ्याच्या अंगावर पेट्रोल टाकून पेटवण्याचा प्रयत्न झाला. यातल्या कुणाच्या हातात नोट नव्हती, कुणी झाडामागे लपले नव्हते. ते आपले काम करत होते.

शिंदे गेले त्यानंतर बरेच दिवस, वडील घरी येईपर्यंत आई जेवत नसे. वडिलांना उशीर झाला की ती फोन करत नाही, कारण गाड्यांच्या गर्दीत फोन उचलताना त्यांचे लक्ष उडेल अशी तिला भीती वाटते. ती नुसती वाट बघते.

आणि हे सगळे कशासाठी चालते? २०२२ या एका वर्षात महाराष्ट्रात रस्ते अपघातांत १५,२२४ माणसे मेली. त्याच वर्षी देशभरात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण दगावले. हेल्मेटची सक्ती मोटार वाहन कायद्याच्या १२९व्या कलमात आहे आणि तो कायदा संसदेने १९८८ साली केला. तरी २०१९च्या जानेवारीत पुण्यात कारवाई कडक झाली तेव्हा तिच्या विरोधात मोर्चा निघाला आणि शिव्या खाल्ल्या त्या चौकातल्या शिपायाने. कायदा करणारे दिल्लीत, दंड वाढवणारे मुंबईत, खड्डे ठेवणारे महापालिकेत. तुमच्यासमोर मात्र तो एकटाच उभा असतो, म्हणून सगळ्यांचा राग त्याच्या वाट्याला येतो.

तुमच्याकडून मला जे हवे आहे ते आता सरळ सांगते.

त्या महिला शिपायाचे दृश्य ज्यांनी विनोद करून पसरवले त्यांनी ते काढून टाकावे. आजच. तिला लहान मुले आहेत की नाहीत, तिचा नवरा काय म्हणाला असेल, हे मला माहीत नाही, तुम्हालाही नाही.

यापुढे अडवले गेलात तर नोट देऊ नका. चूक तुमची असेल तर चलन घ्या. चूक नसेल तर चलनावर तक्रार करा. पैसे मागितले गेले तर १०६४ला फोन करा आणि तक्रारीवर ठाम राहा. मारण्याची, हात उगारण्याची भाषा करू नका आणि दुसऱ्या कुणी केली तर त्याला तिथेच अडवा.

बाकीचे मागणे तुमच्या आमदाराकडे आणि गृह विभागाकडे मागायचे आहे, आणि ते तुम्हीच मागू शकता. माझ्या वडिलांना मोर्चा काढता येत नाही, संप करता येत नाही, हे पत्रही त्यांना लिहिता आले नसते. तुम्हाला कुणाची बंदी नाही. वाहतूक शाखेत आठ तासांची पाळी आणि न रद्द होणारी आठवडी सुट्टी मागा. चौकातल्या प्रत्येक पोलिसाच्या अंगावर कॅमेरा मागा. १६७अ या नियमात तो आहेच. त्याचे चित्रण तक्रार झाल्यावर दोन्ही बाजूंना मिळाले पाहिजे, म्हणजे लाच घेणारा सापडेल आणि खोटा आरोप करणाराही. केसेसच्या आकड्यांवर पोलिसाचे काम मोजणे बंद करा, असे सांगा. किती वाहतूक पोलिसांवर लाचेच्या तक्रारी झाल्या आणि त्यांचे पुढे काय झाले, हे दरवर्षी शहरवार जाहीर व्हावे. ही मागणी तुमच्याआधी आमच्यासारख्या घरांची आहे. दरवर्षी फुप्फुसे आणि कान तपासले जावेत आणि त्याचा अहवाल त्या माणसाच्या हातात पडावा.

महापालिकेकडे प्रत्येक मोठ्या चौकात एक स्वच्छतागृह, एक पाण्याचा नळ आणि उभे राहण्यापुरती सावली मागा. याला फार पैसा लागत नाही. प्रभागाच्या निधीतूनही होते. तुमच्या चौकापुरते तुमच्या नगरसेवकाला पत्र लिहा, उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करा आणि आलेले उत्तर सगळ्यांना वाचायला मिळेल असे जाहीर करा.

आपली,
एका वाहतूक हवालदाराची मुलगी